आवाज तोंडानं काढून दाखवा

माझ्या शेडमध्ये गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला तोंड उघडावं लागायचं. नियमच होता तसा. "गाडीतून आवाज येतो हो" म्हणत कोणी आला की मी हातातलं काम बाजूला ठेवायचो, चिंधीला हात पुसायचो आणि म्हणायचो, "काढून दाखवा." तो बिचारा खिशातून किल्ली काढून पुढे करायचा. "किल्ली नको. आवाज काढून दाखवा. तोंडानं."

यावर माणसांचे जे चेहरे व्हायचे ते बघायला मिळतात म्हणून तरी हा धंदा करावा. एक वकीलसाहेब आले होते, काळा कोट, कोर्टातून थेट. म्हणाले, "आवाज साधारण कर्कश आहे, मधूनमधून खंडित होतो." मी म्हटलं, "साहेब, वर्णन नको. आवाज." त्यांनी आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला आणि काय सांगू, असा "घुर्रर्र-खिस्स" काढला की शेजारचा पंक्चरवाला काम सोडून बघायला आला. मी विचारलं, "क्लच दाबल्यावर येतो की सोडल्यावर?" म्हणाले, "दाबल्यावर." झालं. क्लचचं बेअरिंग गेलं होतं. बॉनेट उघडलंच नाही, आणि वकीलसाहेब पुढे वर्षानुवर्षं माझे गिऱ्हाईक राहिले.

नल्लकुंट्यात माझी शेड. आता ती भाचा चालवतो, मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो आणि सगळ्यांच्या चुका काढतो. आमचं घराणं सरकारी नोकरीतलं. आजोबा तहसील कचेरीत, वडील शिक्षण खात्यात, एक काका वकील. मी हातात पाना धरला तेव्हा घरात कोणी आठवडाभर धड बोललं नाही. वडील शेवटी एवढंच म्हणाले, "करायचं ते कर, पण सुलतान बाजारच्या बाजूला दुकान टाकू नकोस. तिकडे माझ्या ओळखीचे फार." म्हणून नल्लकुंटा. पुढे त्याच ओळखीच्या लोकांच्या गाड्या माझ्याकडे यायला लागल्या आणि वडील रोज संध्याकाळी शेडमध्ये चहा प्यायला येऊन बसायला लागले, तो भाग वेगळा.

मला हे काम शिकवलं वहीद उस्तादांनी. त्यांचं एकच सांगणं होतं, "पैले सुनो मियाँ, बाद में खोलो. खोल दिए तो आवाज भाग जाती." बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण अगदी खरं आहे. जुन्या इंजिनाला हात लावला, एक नट ढिला करून परत आवळला, की आवाज बदलतो. मग मूळ दुखणं कुठलं आणि आपण केलेलं कुठलं, ते कळायला मार्ग नाही.

ऐकायचं म्हणजे काय, तेही सांगतो. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. ठिकठिकाणी टेकवत जायचं. जिथे आवाज कानात घुसतो तिथे दुखणं. वरून बारीक टिकटिक, इंजिनाच्या गतीच्या निम्म्या ठेक्यात आली तर टॅपेट, इंजिनाच्या झडपा हलवणारा. त्याची काळजी नाही, पाच-सहा वर्षं टिकटिकत राहील. खालून जड, पोटातून आल्यासारखा धप्प आवाज, तोही चढावर, तर मात्र गाडी जागच्या जागी बंद करायची. अशा वेळी एकेका प्लगची वायर काढून बघायची. जी काढल्यावर धप्प मवाळ होतो, त्या सिलिंडरखालचं बेअरिंग गेलं.

आणि काही आवाज इंजिनाचे नसतातच. दसरा झाला की आमच्याकडे हमखास दोन-तीन गाड्या यायच्या, वेग घेतला की पुढून तडतड होतेय म्हणून. एकाचं तर दुसऱ्या एका गॅरेजात अर्धं इंजिन खोलून झालं होतं. मी पुढची जाळी बघितली. दसऱ्याला पूजेचा झेंडूचा हार तारेनं बांधला होता. फुलं वाळून गळून गेली, तार राहिली. वारा लागला की ती जाळीवर नाचायची. मी पकडीनं तार तोडली आणि त्याच्या हातात दिली. तो घाबरला, म्हणाला, "पूजेची आहे, तोडली कशाला?" आता याला काय म्हणावं!

कंपन्यांची नावं मी लिहिणार नाही. त्या गाड्यांनी आपल्या आयुष्याच्या दुप्पट सेवा केली; म्हातारपणी त्यांची बदनामी कशाला.

पण ज्या कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही, ते काम औंढेकरांच्या गाडीचं. फार जुनी गोष्ट नाही.

औंढेकर काका-काकू चिक्कडपल्लीचे. काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत गणित शिकवायच्या. त्यांची फिकट निळी गाडी तीस वर्षांवर माझ्याच हातातली. ती काका चालवायचे. मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली आणि काकूंनी या वयात स्टिअरिंग हातात घेतलं. मध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मी काही महिने शेडवर नव्हतो, तेव्हा गाडी दोन दुसऱ्या गॅरेजांत फिरून आली होती.

एक दिवस काकू एकट्याच आल्या. गाडी लावली, पण उतरल्या नाहीत. मी दाराशी गेलो तर डोळे भरलेले.

"सुधाकर, हे म्हणतात गाडीत टकटक आवाज येतो. मला येत नाही. दोन्ही गॅरेजवाल्यांना आला नाही, तरी त्यांनी टॅपेट आवळून दिले. मिलिंदनं चालवून बघितली, त्यालाही येत नाही."

मिलिंद त्यांचा मुलगा. कॉम्प्युटरमध्ये मोठ्या जागेवर आहे, गच्चीबावलीला उंच इमारतीत राहतो. मुलगा चांगला आहे, उगाच त्याच्यावर राग धरू नका.

"मग?" मी म्हटलं.

"मिलिंद म्हणतो बाबांना भास होतात. आणि नुसता आवाजाचा भास नाही रे. दर रविवारी आम्ही त्याच्याकडे जेवायला जातो ना, तिथे पोचलं की हे काहीतरीच करतात. गेल्या वेळी मिलिंदला स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारली. भाऊ जाऊन किती वर्षं झाली! जेवताना विचारलं, आपण कोणाच्या घरी आलोय. मिलिंद घाबरलाय. त्यानं मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. गाडी विकायची, चिक्कडपल्लीचं घर बंद करायचं आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे राहायचं, असं ठरवतोय."

"काका काय म्हणतात?"

"ते म्हणतात, सुधाकरला दाखव. त्यालाही आवाज आला नाही, तर मी मान्य करतो माझं डोकं गेलं म्हणून."

आता बघा, म्हणजे गाडीचं सोडाच, माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही याचा निकाल माझ्या कानांवर टाकलेला! मी गाडी घेतली, विद्यानगरकडून मोठा वळसा मारला. काही नाही. शेडमध्ये उभी करून रेस केली, स्क्रूड्रायव्हर लावून वरून खालून ऐकलं. काही नाही. वयाच्या मानानं इंजिन छान बोलत होतं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला मनापासून वाईट वाटलं. पण मग म्हटलं, अरे, तुझाच नियम तू मोडतोयस. ज्याला आवाज येतो त्यानं तो काढून दाखवलाच नाही अजून.

"काकू, उद्या काकांना घेऊन या," मी म्हटलं. "त्यांचं ऐकल्याशिवाय मी हो म्हणणार नाही नि नाही म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी आले. काकांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. गोरेपान, इस्त्रीचा पांढरा पायजमा, पायांत मोजे. माणूस आधीसारखाच नीटनेटका, फक्त चेहरा उतरलेला.

"काय सुधाकर, मी परीक्षेला बसलोय म्हणे."

"परीक्षा माझी आहे काका. आवाज काढून दाखवा."

त्यांनी मान वाकडी केली आणि ओठ आवळून आवाज काढला, "फुस्‌-टक. फुस्‌-टक. फुस्‌-टक."

मी चमकलो. काकूंनी मला सांगितलं होतं "टकटक". गॅरेजवाल्यांनाही टकटकच सांगितलं असणार, म्हणून तर ते टॅपेटच्या मागे लागले. टकटक लोखंडाची असते. पण या आवाजात फुस्‌ होतं, आणि लोखंड कधी फुस्‌ करत नाही. फुस्‌ हवेचं काम.

"परत काढा. टक आधी की फुस्‌ आधी?"

"फुस्‌ आधी. आणि नेहमी नाही. पूल चढायला लागलं की."

"कानाला ऐकू येतो की कुठे जाणवतो?"

काका म्हणाले, "हे मला कोणी विचारलंच नाही. पायाला जाणवतो. डाव्या."

इतक्यात काकू चिडून म्हणाल्या, "पायाचं नाव काढू नका. दर वेळी डावा मोजा काळा करून आणतात. चपला काढून बसतात गाडीत आणि चालून आल्यासारखा मोजा!"

बाहेरच्यांना यात काही वाटणार नाही. मी मात्र तिथेच अडकलो: डावा पाय, म्हणजे डावी सीट. आम्हा मिस्त्री लोकांची एक खोड असते. गाडी तपासायची तर आम्ही स्टिअरिंगवर बसतो, आणि सगळ्या काचा खाली करतो, आवाज नीट यावा म्हणून. मी तेच केलं होतं, त्या दोन्ही गॅरेजवाल्यांनीही तेच केलं असणार. आणि काका बसायचे डाव्या बाजूला, जिथली काच खाली करायचा दांडा कधीच तुटलेला होता. काकू आपल्या खिडकीची काच उघडी ठेवायच्या, हात बाहेर काढून वळण दाखवायला. म्हणजे काका जिथे बसून ऐकत होते, तिथे आजवर कोणी बसलंच नव्हतं.

मी म्हटलं, "काका, आज तुम्ही मागे बसा. तुमच्या जागी मी. काकू, चला. पूल असेल तिकडे घ्या."

निघालो. सपाट रस्त्यावर काही नाही. मी चपला काढून तळपाय खालच्या मॅटवर ठेवला. पुलाचा चढ लागला, काकूंनी रेस दिली, आणि आला. फुस्‌-टक, फुस्‌-टक. कानाला बारीक, पण तळपायाला स्पष्ट, खालून कोणी फुंकर मारतंय आणि बोटानं टिचकी मारतंय तसा. मी ओरडलोच, "आला काका! आला!"

नंतर काकूंनी सांगितलं, त्यांना आरशात दिसलं, मागे काकांनी रुमाल काढून डोळे पुसले.

पूल उतरून आम्ही पुढे गेलो, आणखी एक चढलो. तोवर मला कपाळात ठणका जाणवायला लागला, आणि तो कुबट, गोडसर वास आला जो जुन्या गाडीत सगळे "पेट्रोलचा असेल" म्हणून सोडून देतात. मी म्हटलं, "काकू, बाजूला घ्या. सगळे उतरा."

रस्त्याच्या कडेला मी डाव्या बाजूचं मॅट उचललं. खालचा पत्रा गंजून चाळण झाली होती. भोकांमधून रस्ता दिसत होता आणि भोकांच्या कडेला काळी काजळी.

आता काय झालं होतं ते साध्या शब्दांत सांगतो. इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसवलेलं असतं. त्यातलं एक रबर फाटलं होतं. सपाटीवर इंजिन सरळ बसायचं, पण चढावर जोर लागला की एका अंगाला कलायचं. कललं की धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचा जोड उघडायचा, फुस्‌. आणि पाइप खालच्या पत्र्याला आपटायचा, टक. उभ्या गाडीत कितीही रेस करा, इंजिनावर जोर नाही, म्हणून आवाज नाही. आणि तो धूर चाळणीतून थेट वर यायचा, काकांच्या पायाशी, बंद काचेच्या बाजूला. चिक्कडपल्लीहून गच्चीबावलीला जायचं म्हणजे तासभर, वाटेत पूलच पूल. पोचेपर्यंत माणूस धुरानं अर्धवट झालेला असायचा. हा धूर जीव घेतो, थोडक्यात वाचले. आणि मिलिंद वडिलांना बघायचा तो दर रविवारी, गाडीतून नुकतेच उतरलेले.

मी काकूंना विचारलं, "एरवी, गाडीत न बसता, कसे असतात हो काका? घरी?"

"घरी अगदी नीट. माझ्या हिशेबातल्या चुका काढतात." असं म्हणताना त्या मध्येच थांबल्या. गणिताच्या बाई त्या. त्यांना पुढचं मी सांगायची गरज पडली नाही.

ती गाडी मी त्यांना परत चालवू दिली नाही. रिक्षा करून दिली आणि मिलिंदला फोन लावला. तो संध्याकाळी शेडमध्ये आला. गाडी रॅम्पवर चढवलेली होती. मी त्याला खाली नेलं, बॅटरीच्या उजेडात फाटलेलं रबर दाखवलं, काजळी दाखवली, खालून वर बोट घालून दाखवलं की ते काकांच्या पायाशी कसं निघतं. त्यानं स्वतः भोकातून बोट वर घालून बघितलं.

"अंकल, ते मला दर वेळी सांगत होते," तो म्हणाला. "मी घरातल्या म्युझिकचा आवाज वाढवायचो. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून."

"परेशान नको होऊस बाबा. मलाही पहिल्या दिवशी आला नव्हता."

"पण तुम्ही त्यांना विचारलंत."

मी चहा मागवला.

डॉक्टरची वेळ त्यानं मोडली नाही, आणि ते बरंच केलं; धुराचं सगळं सांगून काकांना दाखवून आणलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्या घरचं आहे, मी विचारलं नाही. मी माझं काम केलं. नवं रबर, पाइपाचा नवा जोड, खालचा सगळा पत्रा कापून नवा वेल्ड केला. डाव्या काचेचा दांडाही बसवला, तो कोणी सांगितला नव्हता. पत्र्याच्या कामाला मी कोणाचा हात लागू दिला नाही. भाचा म्हणाला, "मामा, या वयात खाली झोपून वेल्डिंग?" मी म्हटलं, "गप बस, उस्ताद असते तर त्यांनीही हेच केलं असतं." उस्ताद बघायला नाहीत याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्यांनी कौतुक केलं नसतं, ते कधी करायचे नाहीत. नुसतं "हौ, ठीक है" म्हणाले असते आणि माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला असता.

हल्ली गाडी आली की भाचा एक वायर जोडतो आणि पडद्यावर दुखणं लिहून येतं. चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. मीही त्या पडद्याकडे कुतूहलानं बघतो. पण गिऱ्हाइकाला आता कोणी काढून दाखवा म्हणत नाही. तो येतो, फोनमध्ये बघत बसतो, निघून जातो. त्याची आणि गाडीची बोलाचाली बंद झाल्यासारखं वाटतं मला.

गाडी न्यायला तिघंही आले. मी म्हटलं, चला, चक्कर मारू, सुलतान बाजारपर्यंत जाऊन येऊ. मिलिंद चालवायला बसला, काका त्यांच्या जागी डावीकडे, काकू आणि मी मागे. चारी काचा बंद करायला लावल्या मी. पूल आला. मिलिंदनं रेस दिली. गाडी चढली. फुस्‌ नाही, टक नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि छाती, खोटं कशाला सांगू, चांगली हातभर फुगली. मी मागून काकूंना वेल्डिंगची बारकी बारकी माहिती द्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात काका म्हणाले, "आवाज येतोय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी कान टवकारले. मला काही येईना. इतकं करून पुन्हा तेच? आता हा मुलगा काय समजेल?

मिलिंदनं गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालू ठेवलं. वडिलांकडे पूर्ण वळला आणि म्हणाला, "काढून दाखवा बाबा."

काकांनी मान वाकडी केली. "ठिण्‌. ठिण्‌-ठिण्‌."

"चढावर की सपाटीवर?"

"खड्ड्यातून गेलं की."

"डावीकडून?"

"डावीकडून, पुढून. वरच्या बाजूनं."

"परत एकदा काढा," मिलिंद म्हणाला, आणि डोळे मिटून ऐकलं. मग उतरला, बॉनेट उघडलं. मीही उतरलो, पण त्यानं मला जवळ येऊ दिलं नाही. बॅटरीच्या मागे हात घातला आणि एक पाना बाहेर काढला. दहा-अकराचा. माझा. मी कालपासून भाच्याच्या नावानं शिमगा करत होतो की माझा पाना कोणी उचलला!

मला वाटलं तो पाना माझ्या हातात देईल आणि हसेल. हसला नाही. डाव्या बाजूला जाऊन त्यानं तो वडिलांच्या हातात ठेवला. काकांनी दोन्ही टोकांवरून बोट फिरवलं.

"दहा-अकरा," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे ना रे?"

"हौ बाबा," मिलिंद म्हणाला, आणि त्यांची बोटं त्या पान्यावर मिटवली.

तो पाना मी परत मागितला नाही. अजून त्यांच्याच गाडीत आहे, काकांच्या बाजूच्या खणात, फडक्यात नीट गुंडाळलेला, आवाज होऊ नये म्हणून.